ओढ आणि गोडी

'डोपामिन' हा शब्द हल्ली चहाच्या टपरीवरही कानावर पडतो. मोबाइलवर तासन्‌तास अंगठा फिरवणाऱ्या मुलाकडे बघून कुणी म्हणते, 'याला डोपामिनची चटक लागली आहे.' कुणी पहाटे पळायला जातो आणि सांगतो, 'डोपामिन वाढते, दिवस चांगला जातो.' मेंदूतल्या या रसायनाला 'आनंदाचे रसायन' असे टोपणनावही पडून गेले आहे. टोपणनावे बहुधा अर्धीच खरी असतात, तसेच हेही आहे. हे रसायन नेमके काय करते हे उलगडायला शास्त्रज्ञांना जवळजवळ पन्नास वर्षे लागली. त्या पन्नास वर्षांच्या कहाणीत आपल्या जंगलातली एक मुळी आहे, स्वीडनमधले ससे आहेत, व्हिएन्नातले अंथरुणाला खिळलेले रुग्ण आहेत, आणि उंदीर तर किती, त्याची गणतीच नाही. आज ती कहाणी तुम्हाला सांगायची आहे.

त्याआधी मराठीतले दोन शब्द हाताशी ठेवू. एक 'ओढ' आणि दुसरा 'गोडी'. बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. पण जरा थांबून पाहिले तर फरक दिसतो. आंब्याच्या दिवसांत बाजारातून जाताना पाय आपोआप फळांच्या गाड्याकडे वळतात, ती ओढ. फोड तोंडात गेल्यावर जीभ जे अनुभवते, ती गोडी. ओढ वस्तू मिळण्याआधीची, गोडी मिळाल्यानंतरची. कवी म्हणून मला हा फरक शब्दांचा वाटत होता. मेंदूच्या अभ्यासकांनी तो मांसामज्जेचा फरक असल्याचे दाखवून दिले.

कहाणीची सुरुवात सर्पगंधेपासून करू. सर्पगंधा ही हिमालयाच्या पायथ्यापासून खाली सह्याद्रीच्या रानांपर्यंत आढळणारी लहानशी वनस्पती. तिची मुळी आपल्याकडचे वैद्य आणि हकीम कित्येक शतके वापरत आले. सापाच्या विषावर, झोप येत नसेल तर, आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला तरी. बिहारकडे तिला सरळ 'पागल की दवा' असेच म्हणत.

१९३१ साली या मुळीवर देशात दोन ठिकाणी महत्त्वाचे काम झाले. दिल्लीला हकीम अजमल खान यांनी उभारलेले तिब्बिया कॉलेज होते. हकीमसाहेब म्हणजे १९२१च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष, आणि वैद्यकात जुन्याला नव्याची जोड हवी असे मानणारे गृहस्थ. जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेल्या सलीमुझ्झमान सिद्दीकी या तरुणाला त्यांनी आपल्या संस्थेत संशोधनासाठी आणले. हकीमसाहेब १९२७च्या अखेरीस वारले. चार वर्षांनी सिद्दीकींनी सर्पगंधेच्या मुळीतून काही शुद्ध द्रव्ये वेगळी काढली आणि त्यातल्या एकाला आपल्या आश्रयदात्याच्या नावावरून 'अजमलीन' असे नाव दिले. आजही हृदयरोगतज्ज्ञांना ते नाव ठाऊक आहे. त्याच वर्षी कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की या मुळीच्या चूर्णाने उन्माद शांत होतो आणि रक्तदाबही उतरतो.

पुढचा टप्पा आपल्या मुंबईतला. डॉ. रुस्तम जाल वकील हे परळच्या केईएम रुग्णालयाशी संबंधित असलेले हृदयरोगतज्ज्ञ. रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर त्यांनी सर्पगंधेचा पद्धतशीर प्रयोग केला आणि १९४९ साली तो इंग्लंडमधल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापून आणला. तोपर्यंत परदेशातल्या डॉक्टरांच्या लेखी ही एक झाडपाल्याची वस्तू होती. वकिलांच्या लेखाने तिला दवाखान्यात जागा मिळाली. १९५७ साली अमेरिकेतला लास्कर पुरस्कार त्यांना मिळाला. मधल्या काळात, १९५२ साली, स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरी सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतले गुणकारी द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव रिसर्पिन. थोड्याच वर्षांत अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत ते मोठ्या प्रमाणावर दिले जाऊ लागले. आरडाओरडा करणारे रुग्ण शांत बसू लागले.

ते शांत का बसतात, हा प्रश्न मात्र कुणाला सुटत नव्हता. अमेरिकेत बेथेस्डा येथे बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत त्याचा शोध चालू होता. १९५५ साली तिथे अर्विद कार्लसन नावाचा स्वीडिश तरुण काही महिन्यांसाठी शिकायला आला. रिसर्पिनमुळे मेंदूतली काही रसायने रिकामी होतात, एवढे तिथे कळले होते. कार्लसन आपल्या लुंड शहरी परतला आणि त्याने सशांना रिसर्पिन दिले. ससे जागच्या जागी बसून राहिले. कान गळून पडलेले, डोळे अर्धवट मिटलेले. हुसकावले तरी हलेनात.

मग त्याने त्यांना एल-डोपा नावाचे द्रव्य टोचले. शरीर याच द्रव्यापासून मेंदूतली काही रसायने तयार करते. साधारण पंधरा मिनिटांत ससे उठले, कान ताठ झाले आणि ते इकडेतिकडे फिरू लागले. १९५७ साली हा प्रयोग 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातली गंमत पुढे आहे. सशांच्या मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनलिन परत आले असेल, म्हणून ते उठले असतील, असा अंदाज होता. तपासले तर नॉरअ‍ॅड्रेनलिन होते तसेच, रिकामे! भरून आले होते ते डोपामिन. तोवर डोपामिनला कुणी विचारत नव्हते. दुसरे रसायन तयार होताना वाटेत लागणारा एक टप्पा, यापलीकडे त्याला किंमत नव्हती. आणि सशांना उठवले होते नेमके त्यानेच.

एल-डोपाचीही एक छोटी हकिगत आहे. १९१३ साली बाझलच्याच मार्कुस गुगेनहाइम यांनी ते एका जातीच्या शेंगांच्या दाण्यांतून काढले होते. शास्त्रज्ञाच्या उत्साहात त्यांनी त्याचे अडीच ग्रॅम स्वतःच गिळले आणि उलट्या करून घेतल्या. प्राण्यांवरही विशेष परिणाम दिसला नाही, म्हणून ते बाजूला पडले. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी तेच द्रव्य खाजकुयलीच्या बियांतून मिळवले. खाजकुयली म्हणजे तीच, जिची लव अंगाला लागली की माणूस खाजवून हैराण होतो आणि जी शाळेतली व्रात्य मुले हमखास शोधून आणतात. तिच्या बिया आयुर्वेदात वातविकारांवर पूर्वीपासून दिल्या जात. म्हणजे कुलपाची किल्ली कधीपासून पडून होती, कुलूप कुठे आहे हेच ठाऊक नव्हते.

कार्लसनचे म्हणणे लगेच कुणी मानले नाही. १९६० साली लंडनला एक परिषद भरली. सर हेन्री डेल यांच्यासारखे नोबेल मिळालेले बुजुर्ग तिथे होते. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी रसायनांच्या मदतीने बोलतात, ही कल्पनाच त्यांच्यातल्या अनेकांना रुचली नाही. पेशींमधला निरोप विजेचा असतो असे मानणारे तेव्हा पुष्कळ होते. कार्लसन तिथून निराश होऊन परतले. पुढे २००० साली याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ते २०१८ साली वारले.

पण त्याच १९६० साली व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच नावाचा एक संशोधक कंपवाताने मेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासत होता. कंपवात, म्हणजे ज्याचे वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ साली केले, तो आजार. हात थरथरतात, अंग ताठरते, चाल मंदावते. डोपामिन असले की परीक्षानळीतला अर्क गुलाबी होई. निरोगी माणसाच्या मेंदूच्या गाभ्यातल्या तुकड्याने नळी गुलाबी झाली. कंपवाताच्या रुग्णाच्या त्याच तुकड्याने रंगच दिला नाही. सव्वाशेहून अधिक वर्षे वैद्यकाला न सापडलेले कारण असे नुसत्या डोळ्यांना दिसले.

पुढच्याच वर्षी वाल्टर बिर्कमायर या डॉक्टरच्या साथीने त्याने रुग्णांना एल-डोपाची इंजेक्शने दिली. जे उठून बसू शकत नव्हते ते उभे राहिले, जे उभे राहत होते ते चालू लागले. परिणाम काही तासच टिकला. मग १९६७ साली न्यू यॉर्कजवळच्या ब्रुकहेवन येथे जॉर्ज कोत्सियास यांनी औषध थोडे थोडे वाढवत नेऊन पोटातून द्यायची रीत बसवली. किरकोळ सुधारणांसह तेच औषध आजही कंपवातावरचा मुख्य आधार आहे.

आता प्रश्न येतो तो सर्किटचा. वायरमन ज्याला सर्किट म्हणतो, तसाच प्रकार मेंदूत आहे. एका ठिकाणाहून निघालेली तार दुसऱ्या ठिकाणी जाते, तिथून तिसऱ्या, आणि फिरून मूळ जागी येते. १९६४ साली स्वीडनमध्ये आनिका डालस्ट्रोम आणि शेल फुक्से यांनी मेंदूच्या पातळ कापांवर अशी प्रक्रिया केली की डोपामिन असलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या उजेडाने चमकू लागल्या. माणसाच्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांत डोपामिनच्या पेशी अवघ्या चार ते सहा लाखांच्या घरात. पण या मूठभर पेशींची मुळे दूरवर पसरलेली. काही तारा हालचालींच्या भागाकडे जातात, काही आवडीनिवडीच्या भागाकडे, काही थेट कपाळामागे, जिथे आपण पुढचामागचा विचार करतो.

१९८६ साली अमेरिकेतल्या गॅरेट अलेक्झांडर, माहलॉन डीलाँग आणि पीटर स्ट्रिक यांनी दाखवले की मेंदूच्या वरच्या थरातून निघून गाभ्यात जाणारी आणि तिथून परत वर येणारी अशी अनेक वर्तुळे शेजारी शेजारी चालतात. एक हात हलवण्याचे, एक डोळे वळवण्याचे, एक विचाराचे, एक इच्छेचे. ठेवण सगळ्यांची सारखी. हात उचलणे आणि मनात काही आणणे यांची घरे एकाच आळीत आहेत, असे समजा. म्हणून एका घरातला दिवा गेला की शेजारच्या घरातही अंधार होण्याचा संभव असतो.

न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या बेथ अब्राहम रुग्णालयात याचे विलक्षण दर्शन घडले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जगभर झोपेच्या विकाराची एक साथ आली होती. त्यातून वाचलेले काही जण पुढे पुतळ्यासारखे झाले. न बोलता, न हलता ते चाळीस-चाळीस वर्षे रुग्णालयात पडून होते. १९६९ साली ऑलिव्हर सॅक्स या तरुण डॉक्टरने त्यांना एल-डोपा दिले आणि ते जागे झाले. बोलू लागले, हसू लागले, साल कोणते म्हणून विचारू लागले. सॅक्स यांचे त्यावरचे पुस्तक १९७३ साली आले, चित्रपट १९९० साली. पण सॅक्स यांनी दुसरी बाजूही प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे. काही रुग्णांची हालचाल परतली तशी हावही आली. कशानेच भागेना अशी भूक, थांबवता न येणारे लिहिणे, बोलणे, मागणे. हातापायांबरोबर इच्छाही उसळून आली होती. म्हणजे डोपामिनचा संबंध नुसत्या हालचालीशी नव्हता.

इथे आपल्या कहाणीला दुसरा प्रवाह येऊन मिळतो. त्यासाठी थोडे मागे, कॅनडातल्या माँट्रियल शहरी जावे लागेल. तिथल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या दोघांनी उंदराच्या मेंदूत एक बारीक तार बसवली होती. ती बसवायची होती एका जागी, बसली भलत्याच जागी. टेबलाच्या एका कोपऱ्यात उंदीर आला की ते विजेचा हलका झटका देत. उंदराने तो कोपरा टाळला तर नाहीच, उलट तो पुन्हा पुन्हा तिथेच येऊ लागला! मग त्यांनी खटका दाबला की झटका मिळेल अशी सोय केली. उंदीर तो खटका दाबतच राहिले. पुढच्या प्रयोगांत काही उंदरांनी तासाला दोन-दोन हजार वेळा, थकून पडेपर्यंत, खटका दाबला. १९५४ साली हे छापून आले आणि जगभर गाजावाजा झाला. मेंदूतले 'सुखाचे केंद्र' सापडले म्हणून.

पुढे कळले की या खटक्यामागच्या वाटा डोपामिनच्या पेशींशी जुळलेल्या आहेत. मग दोन आणि दोन चार झाले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस माँट्रियलच्याच रॉय वाइज यांनी मांडले की डोपामिन म्हणजे सुखच. ते बंद केले की जगण्यातली गोडी जाते. 'आनंदाचे रसायन' हे टोपणनाव याच काळातले.

हे बरोबर आहे का, हे तपासले केंट बेरिज यांनी, अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठात. उंदराला गोड आवडले हे ओळखायचे कसे? बेरिज यांना त्याची खूण माहीत होती. तान्ह्या बाळाच्या जिभेवर साखरेचे पाणी ठेवले की बाळ ओठ चाटते, कडू ठेवले की तोंड वेडेवाकडे करते. उंदीरही अगदी तसेच करतो. बेरिज यांनी ज्यांच्या मेंदूतले डोपामिन जवळजवळ नाहीसे झाले होते असे उंदीर घेतले. हे उंदीर समोर अन्न असूनही खात नव्हते. नळीने भरवले नाही तर उपाशी मेले असते. बेरिज यांची अपेक्षा होती की त्यांना गोडाचे सुख वाटणार नाही. १९८९ साली निकाल आला तो उलटा. साखरेचे पाणी तोंडात घालताच ते उंदीर बाकीच्यांसारखेच मिटक्या मारत होते. गोडी शाबूत होती. गेली होती ती ओढ.

मित्रहो, मला वाटते, या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा क्षण. समोर घास आहे, तो गोड लागतो हेही खरे, पण हात पुढे होत नाही. कारण 'हवे आहे' असे म्हणणारी वाट आणि 'छान आहे' असे म्हणणारी वाट मेंदूत वेगवेगळी आहे. १९९५ साली सिअ‍ॅटलमध्ये रिचर्ड पामिटर यांच्या प्रयोगशाळेत जन्मतःच डोपामिन तयार करू न शकणारे उंदीर निपजवले गेले. तेही तसेच. रोज एल-डोपा दिले तर खाणार आणि जगणार, नाही दिले तर अन्नाशेजारी बसून मरणार.

त्याच सुमारास कनेक्टिकट विद्यापीठातल्या जॉन सॅलमोन यांनी आणखी बारीक गोष्ट दाखवली. उंदरासमोर दोन वाटा ठेवल्या. एकीकडे थोडे दाणे, सहज मिळणारे. दुसरीकडे पुष्कळ दाणे, पण मध्ये चढून जायचा अडसर. निरोगी उंदीर अडसर चढून जातो. डोपामिन कमी केलेला उंदीर जवळचे थोडके दाणे खाऊन गप्प बसतो. त्याला जास्त नको आहे असे नाही. अडसर काढून टाकला की तोही जास्त दाण्यांकडेच जातो. कष्ट आणि फळ यांचा मेंदूत जो हिशेब चालतो, त्यात कष्टाच्या बाजूचे पारडे जड झालेले असते, एवढेच.

हे वाचताना मला माझे एक खालू, म्हणजे मावशीचे यजमान, आठवले. ते शिंपी होते. आखणीचा खडू त्यांच्या बोटांत असा फिरे की बघत राहावे. साठीच्या आसपास त्यांचे काम मंदावले. ग्राहकांची मापे लिहायच्या वहीतले आकडे दर वर्षी बारीक होत गेले. पुढे तर ते मुंगीएवढे झाले. मग ते दुकानात नुसते बसून राहू लागले. घरात म्हणत, 'आता कामाचा कंटाळा आलाय यांना. मुले कमावती झाली ना!' समोर ठेवलेला चहा गार होऊन जाई. पण कुणी कप ओठाशी नेला की ते चवीने घोट घेत आणि वेलची आहे की आले, तेही सांगत. काही वर्षांनी एका डॉक्टरांनी वही पाहिली आणि अक्षर लहान होत जाणे हे कंपवाताचे लक्षण आहे असे सांगितले. औषधाने हात बरेच सुधारले. 'कंटाळा आलाय' हे वाक्य मात्र खालूंनी इतकी वर्षे मुकाट्याने ऐकून घेतले होते.

आता ओढीची दुसरी बाजू. डोपामिनच्या पेशी बोलतात तरी काय? स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्ग येथे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या एकेका पेशीचे बोलणे ऐकले. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की पेशी जोरात बोलत. मग रसाआधी दिवा लावायला सुरुवात केली. माकडाला हे अंगवळणी पडल्यावर पेशी दिवा लागताच बोलू लागल्या. प्रत्यक्ष रस आला तेव्हा गप्प. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर ठरलेल्या क्षणी त्यांचे नेहमीचे बोलणेही थांबले. म्हणजे त्या रसाबद्दल बोलतच नव्हत्या. अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले की कमी, हे सांगत होत्या. १९९७ साली शुल्ट्झ यांनी पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्याबरोबर हे मांडले आणि मेंदू अनुभवातून कसा शिकतो याचे एक सोपे गणित हाती आले. २०१७ साली शुल्ट्झ, डायन आणि लंडनचे रे डोलन यांना मेंदूसंशोधनाचा 'ब्रेन प्राइझ' हा पुरस्कार मिळाला.

यातला निसर्गाचा शहाणपणा बघा. कालच्या झाडावर आज फळ नसेल, तर प्राण्याने नवे झाड शोधले पाहिजे. जिथे अनपेक्षित फळ मिळाले ती जागा लक्षात राहिली पाहिजे. बदलत्या जगाशी जुळवून घ्यायचे तर नुसते सुख उपयोगाचे नाही. सुखाने पोट भरले की प्राणी झोपी जाईल. त्याला पुन्हा उठवून रानात पाठवणारी ओढ वेगळीच हवी.

पण हेच सर्किट फसवलेही जाते. व्यसनाधीन माणूस सांगतो, 'आता मजा येत नाही, पण राहवत नाही.' आपण म्हणतो, हा सबबी सांगतो. बेरिज आणि त्यांचे सहकारी टेरी रॉबिन्सन म्हणतात, तो अक्षरशः खरे सांगतो आहे. गोडी संपलेली असते आणि ओढ वाढलेली असते. २००५ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी कंपवाताच्या ११ रुग्णांची हकिगत छापली. डोपामिनसारखे काम करणाऱ्या गोळ्यांमुळे त्यांना जुगाराचा नाद लागला होता. ज्या रसायनाच्या अभावाने माणूस चहाचा कप उचलू शकत नाही, त्याचेच काम करणारी गोळी दुसऱ्या माणसाला जुगाराच्या टेबलावरून उठू देत नाही. त्यांपैकी बहुतेकांची गोळी कमी केली किंवा थांबवली आणि नाद सुटला. तेव्हा यातला किती भाग चारित्र्याचा आणि किती औषधाच्या मात्रेचा, असा प्रश्न पडतो.

याचा अर्थ माणूस म्हणजे नुसती वायरिंग आहे, असे मी म्हणत नाही. शास्त्रज्ञही तसे म्हणत नाहीत. डोपामिन एकटे काही करत नाही, मेंदूत दुसरीही रसायने आणि दुसऱ्याही वाटा आहेत. गोडीची तर स्वतंत्र लहान लहान ठिकाणे आहेत. शिवाय घर, गरिबी, सोबत, दुःख यांचाही त्या सर्किटवर परिणाम होतोच. पण एक गोष्ट या इतिहासाने पक्की केली आहे. काही करावेसे वाटणे, ही आपण आपल्या बळावर कमावलेली गोष्ट नाही. सकाळी अंथरुणातून उठताना आपण जिच्या भरवशावर उठतो, ती काही लाख पेशींची मेहेरबानी आहे.

आपल्या भाषेत न उठणाऱ्या माणसासाठी शब्दांची कमतरता नाही. आळशी, ऐदी, कामचुकार, सुस्त. फार मागणाऱ्यासाठीही आहेत. हावरा, लोचट, नादिष्ट. हे सगळे शब्द सर्पगंधेच्या आणि सशांच्या कहाणीच्या फार आधीचे आहेत. त्यांचा राग नाही. पण घरातला एखादा वडीलधारा हळूहळू गप्प होत गेला, चेहऱ्यावरचे हसू मावळले, अक्षर बारीक झाले, चालताना एक हात हलेनासा झाला, तर हे शब्द तोंडातून बाहेर पडण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्यावे. तरुण मुलाला महिनोन्‌महिने कशातच मन घालावेसे वाटत नसेल, तरीही न्यावे.

आणि औषधाबरोबर आणखी एक गोष्ट करता येते. कंपवाताचा रुग्ण चालता चालता मध्येच खिळून उभा राहतो, तेव्हा जमिनीवर आडव्या पट्ट्या आखल्या तर त्या ओलांडत तो चालू लागतो. कुणी टाळीने ठेका धरला तरी त्याचे पाऊल पडते. आतली वाट बंद असते तेव्हा बाहेरून आलेली खूण दुसऱ्या वाटेने आत पोचते. अशा वेळी 'उठा ना, बसून काय राहिलात' असे चार वेळा ओरडण्यापेक्षा शेजारी उभे राहावे, हात पुढे करावा आणि एक, दोन, एक, दोन असे मोजावे. पहिले पाऊल पडले की पुढची पडू लागतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)